न गायलेल्या गाण्याची तारीख

आमच्या लॅबच्या रिपोर्ट खिडकीत मी आणि ती बावीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. मी रक्ता-लघवीचे नमुने नोंदवून घ्यायची, ती तयार रिपोर्ट हातात द्यायची. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं होतं. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला तारीखबाईच म्हणायचे. कुणी पेशंट पावती हरवून आला आणि "मागच्या पावसाळ्यात कधीतरी साखर तपासली होती" म्हणाला, की ही डोळे मिटायची आणि सांगायची, "नऊ जुलै, मंगळवार. तुम्ही नाश्ता करून आला होतात, म्हणून परत पाठवलं होतं." माणूस ओशाळायचा. मी कॉम्प्युटरवर बघायची, तर नऊ जुलै, मंगळवार. तिनं सांगितलेली तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लग्न तिनं केलं नाही. धाकट्या बहिणीच्या घरात मागची एक खोली तिची होती. मी एकदा धीर करून विचारलं, का नाही केलंस? "वेळच झाला नाही गं," ती म्हणाली. थट्टा करत नव्हती. तिचा सगळा वेळ अक्कांनी घेतला होता.

अक्का म्हणजे गायिका. त्यांना त्यांचे श्रोते अक्का म्हणायचे. फार मोठं नाव होतं असं नाही, पण एका पिढीच्या कानात त्यांचा आवाज घर करून राहिला होता. तारीखबाई एकोणीस वर्षांची असताना बहिणीच्या जागी, म्हणजे बहिणीला ताप आला म्हणून, त्यांच्या मैफलीला गेली आणि तिथून जी आली ती परत पहिल्यासारखी झालीच नाही. पुढं रेडिओवर अक्कांची मुलाखत झाली, तेव्हा एका गाण्याचं साल चुकलं. हिनं पत्र लिहून चूक दाखवली. आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं: "तुम्ही म्हणता तेच बरोबर. माझ्या काही लक्षात राहत नाही. आता तुम्हीच लक्षात ठेवा माझ्यासाठी."

बाईनं ते शब्दशः घेतलं. एक एक मैफल, एक एक कार्ड. तारीख, वार, हॉल, कोणती गाणी कोणत्या क्रमानं, साथीला कोण, मध्यंतर किती मिनिटांचं. जिथं स्वतः जाता आलं नाही तिथल्या श्रोत्यांना पत्रं पाठवून विचारायचं आणि दोघांची साक्ष जुळल्याशिवाय कार्डावर लिहायचं नाही. लॅबमधले एक्स-रे फिल्मचे रिकामे पिवळे खोके ती घरी न्यायची, त्यात ही कार्डं. अकराशे त्रेचाळीस. पत्रं पाठवता पाठवताच श्रोता मंडळ उभं राहिलं. तीन-साडेतीनशे सभासद, दर तीन महिन्यांनी एक पत्रक. घड्या घालायला, पत्ते लिहायला मीही बसलेय. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या," असं मी चिडवायची. ती म्हणायची, "लष्कर चांगलं असलं की भाजाव्यात."

अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्कांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गाणं थांबलं. त्यानंतर कार्डं वाढली नाहीत. पत्रक चार पानांवरून दोनवर आलं, परत येणारी पाकिटं वाढली. पाकिटावर पोस्टमननं लिहिलेलं असायचं, 'घेणारे वारले'. शेवटी जेमतेम नव्वद माणसं उरली. त्यातले एक कंपाउंडर होते, पाच तासांवरच्या गावचे. ते प्रत्येक पत्रकाला न चुकता उत्तर लिहायचे, आणि त्यात प्रत्येक वेळी हिची एक तरी शुद्धलेखनाची चूक दाखवायचे. त्यांच्यावर हिचा फार जीव. भेट वर्षातून एकदाच, मंडळाच्या बैठकीत.

मग भाचीनं इंटरनेटवर पेज काढून दिलं. "मावशी, टपालखात्याच्या नादी लागून तुझं मंडळ मरेल," म्हणाली. भाची जाहिरात कंपनीत होती, तिला यातलं कळायचं. तारीखबाई रोज एका बोटानं एक कार्ड टाईप करून टाकू लागली: आजच्या दिवशी, अमुक साली, तमुक हॉलमध्ये. सहा महिन्यांत नव्वदाचे चाळीस हजार झाले. जेवणाच्या सुट्टीत ती डबा बाजूला सारून मला फोन दाखवायची. "हा बघ, जहाजावर काम करतो. समुद्रात बसून अक्कांना ऐकतो. ही बघ, हिच्या आईला बाळंतपणात हेच गाणं लावून ठेवायचे." त्या दिवसांत ती मला तरुण दिसायची. आयुष्यभर एका कोपऱ्यात बसून मांडून ठेवलेलं अचानक कुणालातरी हवं होतं.

ते सुख वर्षभर टिकलं. मग पूर्ण गाणं कुणी ऐकेना. पंधरा सेकंदांचे तुकडे चालायला लागले, त्यावर कुणी डोळे पुसतंय, कुणी कुत्र्याला आंघोळ घालतंय. तेही तिनं गोड मानलं. पण दुसऱ्या एका गायिकेच्या चाहत्यांशी भांडणं लागली, तेव्हा ती हादरली. आमचे तिकडं जाऊन घाण लिहायचे, तिकडचे आमच्याकडं येऊन. त्या दोघी गायिका खरं म्हणजे एकमेकींच्या घरी जेवायला जायच्या, त्याच्या तारखासुद्धा हिच्याकडं होत्या. तिनं त्या लिहिल्या. चौदा लोकांना आवडल्या. खालच्या शिवीला नऊशे.

"भांडणाशिवाय माणसं थांबत नाहीत, मावशी," भाची म्हणाली.

"मग जाऊ देत की. मी कुठं दार लावलंय?"

"तसं नसतं गं."

याच सुमारास मिक्सरवाला आला. जाहिरातींच्या स्टुडिओत आवाजाचं मिक्सिंग करायचा, चाळिशीचा, शांत, मनापासून अक्कांचा भक्त. जुन्या टेपा साफ करून देतो म्हणाला. तारीखबाईनं सभासदांकडून गोळा केलेल्या दोनशे टेपा पिशव्या भरभरून त्याच्या हवाली केल्या. त्यानं खरंच सुंदर साफ केल्या. तिला एवढा विश्वास बसला की पेजच्या किल्ल्याही तिनं त्याला दिल्या.

एके दिवशी त्यानं एक नवं गाणं टाकलं. त्या दोनशे टेपा त्यानं मशीनला ऐकवल्या होत्या आणि मशीननं अक्कांच्या आवाजात, त्यांच्या पस्तिशीतल्या आवाजात, एक गाणं तयार केलं होतं. त्यानं स्पष्ट लिहिलं होतं: हे मशीननं केलंय, अक्कांना माझा नमस्कार म्हणून. पण गाणं उचललं गेलं, ही खुलाशाची ओळ तिथंच राहिली. चौथ्या दिवशी ते सगळीकडं फिरत होतं: 'अक्कांचं दुर्मिळ, कधीच प्रसिद्ध न झालेलं गाणं.'

तारीखबाईनं लिहिलं, "हे गाणं अक्कांनी कधीही गायलेलं नाही. माझ्याकडं याचं कार्ड नाही."

झालं. आग्यामोहोळच उठलं. तुझ्याकडं कार्ड नाही म्हणजे गाणंच नाही का? ही कोण म्हातारी? अक्का हिच्या बापाच्या आहेत का? एकानं तिचं नाव 'राखणदारीण' ठेवलं आणि ते चिकटलं. तिनं काढलेल्या पेजवर तिलाच लोक विचारत होते, तू कोण. मी म्हटलं, बंद कर तो फोन. म्हणाली, "अगं, मला शिव्या देतायत त्याचं काही नाही. पण अक्कांनी ऐकलं तर त्यांना काय वाटेल? कुणीतरी त्यांच्या तोंडात गाणं कोंबलंय."

म्हणून आम्ही अक्कांकडं गेलो. तिचा गुडघा दुखत होता, सोबतीला मी. रविवारची दुपार होती. सुनेनं दार उघडलं. हिला ओळखत होती, पण दीड वर्षात कुणालाच घरात घेतलेलं नव्हतं. जिन्यातच थांबवून हळू आवाजात म्हणाली, "बाहेर कुणाला बोललो नाहीये. आईंना हल्ली आठवत नाही. मला कधी नर्स समजतात, कधी त्यांची बहीण. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका."

अक्का खिडकीपाशी खुर्चीत होत्या. पायावर शाल, केस विंचरून घट्ट बांधलेले. हिच्याकडं पाहून गोड हसल्या. ओळख लागल्याचं ते हसू नव्हतं, पाहुण्यांसाठी ठेवणीतलं होतं. हिनं नाव सांगितलं, मंडळाचं सांगितलं. काही नाही. शेवटी ही म्हणाली, "अक्का, मी तारखांवाली." तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"तारखा! हो हो. मी सांगितलं होतं ना तुला लक्षात ठेवायला?"

"हो."

"मग एक सांग मला. ए, ते गाणं लाव गं," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेनं फोनवर लावलं. तेच गाणं. अक्का मांडीवर बोटानं ठेका धरून ऐकत होत्या, मान किंचित तिरकी. मधल्या एका वळणावर त्यांनी डोळे मिटले. गाणं संपलं तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता.

"चांगलं गायले ना मी?"

तारीखबाईनं मान हलवली.

"रोज ऐकते. ही लावते माझ्यासाठी. पण कुठं गायले, ते काही केल्या आठवत नाही. सकाळपासून डोकं खातेय. मला वाटतं, मी सगळंच विसरले की काय." त्यांनी हिचा हात धरला. "तू सांग ना. कधी म्हटलं होतं?"

मी तिच्याकडं बघत होते. बावीस वर्षांत तिला तारीख विचारली आणि तिला बोलायला इतका वेळ लागला, असं कधी झालं नव्हतं. खिडकीखाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"अठ्ठ्याऐंशी साली," ती म्हणाली. "अठरा नोव्हेंबर, शुक्रवार. रेल्वे क्लबच्या हॉलमध्ये. शेवटचं गाणं."

"रेल्वे क्लब!" अक्कांचा सगळा चेहरा उजळला. "हो गं हो. तिथं खुर्च्या फार करकरायच्या."

"करकरायच्या," ही म्हणाली.

परत येताना रिक्षा घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "ते एकच कार्ड अर्धं आहे. मी गेले नव्हते त्याला. वीज गेली म्हणून शेवटची नोंद कुणाकडंच नाही. म्हणून ते घेतलं." आणि मग, "कमीत कमी नुकसान व्हावं गं."

सुनेच्या हातातला फोन आम्हाला दिसला होता. आम्हाला वाटलं, निरोप बघतेय. तिनं सगळं चित्रित केलं होतं. मन वाईट नव्हतं तिचं, सासू कितीतरी महिन्यांनी इतकी हसली म्हणून तिनं नातेवाइकांना पाठवलं. आठवत नसल्याचं सगळं कापून, फक्त शेवटचं: "कधी म्हटलं होतं?" "अठ्ठ्याऐंशी साली, अठरा नोव्हेंबर." नातेवाइकांतून ते बाहेर पडलं. आठवड्यात अकरा लाख लोकांनी पाहिलं.

आता तीच माणसं तिच्या पाया पडायला लागली. राखणदारीण होती तिची 'आजी' झाली. खुद्द तारीखबाईंनी तारीख दिली म्हटल्यावर शंका कसली? माहिती देणाऱ्या एका साइटवर गाण्याखाली तारीख, हॉल सगळं छापून आलं आणि पुरावा म्हणून तिचं नाव. मिक्सरवाल्याला बिचाऱ्याला घाम फुटला. त्यानं पुन्हा लिहिलं, अहो, हे मीच केलंय, मशीनवर, माझ्याकडं सगळ्या फायली आहेत. लोकांनी त्याला धू धू धुतला. म्हणे, अक्कांच्या गाण्यावर स्वतःचं नाव लावायला निघालाय, लाज वाटत नाही? त्यानं तिला फोन केला, मी शेजारीच होते. म्हणाला, "तुम्ही एक वाक्य लिहा. माझं कुणी ऐकत नाही."

"काय लिहू?"

"की तुम्ही खोटं बोललात."

"का बोललात असं विचारतील."

त्यानं फोन ठेवला. का बोललात याचं उत्तर म्हणजे अक्कांची अवस्था चव्हाट्यावर मांडणं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं लिहिलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत राहिली, आणि या खेपेला बुक्क्या म्हणजे कौतुक होतं. रोज शेकडो माणसं तिला धन्यवाद देत होती.

महिन्याभरानं एका सकाळी खिडकीशी कंपाउंडर उभे राहिले. एक्याऐंशी वर्षांचे, पाच तास बसनं आलेले, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. आधी मला दिली. रक्ताच्या चार तपासण्या लिहिल्या होत्या, वर डॉक्टरांच्या अक्षरात: स्मरणशक्तीची तक्रार. हिनं त्यांना पाहिलं आणि आनंदानं उठली.

"तुम्ही? इथं?"

"तपासून घ्यायला आलोय. म्हटलं, घ्यायचंच तर तुमच्या हातून रिपोर्ट घेऊ."

खिडकी मी सांभाळली, ती त्यांना बाजूच्या बाकावर घेऊन बसली. चार पावलांवर, मला सगळं ऐकू येत होतं.

"त्या अठरा नोव्हेंबरला मी रेल्वे क्लबमध्ये होतो," ते म्हणाले. "तुम्हाला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. आईला दम्याचा त्रास होता. औषध आणायला म्हणून घरातून निघालो, बाहेर बोर्ड दिसला आणि जाऊन बसलो. दोन गाणी ऐकून उठेन म्हटलं. मग वीज गेली. लोक बसून राहिले. अक्कांनी अंधारात, माइकशिवाय एकच गाणं म्हटलं, बोटीचं, आणि उठल्या. मी घरी पोचलो तेव्हा आई गेली होती. त्या संध्याकाळचं मिनिट न् मिनिट माझ्याजवळ आहे. निदान मला तसं वाटत होतं. आता तुम्ही सांगताय की शेवटचं गाणं हे नवीन. तुमची तारीख कधी चुकत नाही. म्हणजे माझंच डोकं गेलंय. मुलगा म्हणाला, बाबा, एकदा दाखवून घ्या."

तारीखबाईनं त्यांना सगळं सांगितलं. मशीन, खिडकीजवळची खुर्ची, अक्कांचा हात. काही झाकलं नाही. अक्कांच्या आजाराचं तिनं घराबाहेर एवढं एकदाच कुणाला सांगितलं असेल.

"म्हणजे बोटीचंच होतं," कंपाउंडर म्हणाले.

"बोटीचंच असणार. तुम्ही होतात तिथं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता सुटले बिचारे. तेही तसेच दिसले क्षणभर. मग त्यांनी विचारलं, "आणि बाकीची कार्डं?"

"ती खरी आहेत. एक एक खरं आहे."

"असतील," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. पेशंटच्या नातेवाइकांना आम्ही कधीकधी 'बरं वाटेल हो' म्हणतो, तसं होतं. ते उठले, माझ्याकडं आले, चिठ्ठी परत मागून घेतली. तपासणीची आता गरज नव्हती. हिनं जेवून जा म्हणून खूप आग्रह केला. परतीची बस पकडायचीय म्हणाले. त्यानंतर त्यांचं एकही पत्र आलं नाही, शुद्धलेखनाची चूक दाखवणारंसुद्धा.

अक्का त्याच हिवाळ्यात गेल्या, झोपेत. शोकसभेला हॉल भरून बाहेर पडदे लावावे लागले होते. भाचीनं सगळं चोख केलं होतं. पडद्यावर अक्कांचे जुने फोटो, आणि त्यांच्याखाली ते गाणं. हजारभर माणसांनी फोन वर धरले आणि बरोबरीनं म्हणायला लागली. शब्द सगळ्यांना पाठ. तारीखबाई माझ्या शेजारी बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मी तिच्या हातावर हात ठेवला तर तो थंड होता. गाणं संपल्यावर कुणीतरी माइकवरून म्हणालं, या गाण्याचा इतिहास जिवंत ठेवणाऱ्या आजी आपल्यात आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. टाळ्या सुरू झाल्या. ती उठली. मला वाटलं, बोलेल. आता अक्काही नाहीत, आता कुणाची लाज राखायची? ती माइकपर्यंत गेली. समोर पहिल्या रांगेत सून बसली होती, मांडीवर पोरगी घेऊन, रडून डोळे सुजलेले. तारीखबाईनं तिच्याकडं पाहिलं. "नमस्कार," एवढंच म्हणाली, आणि परत येऊन बसली. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटला नाही. आणखी टाळ्या झाल्या.

त्याला आता दोन वर्षं झाली. तिनं पेज सोडलं. तिचं जाणं कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. मिक्सरवाल्यानं त्या धंद्यालाच रामराम ठोकला असं ऐकते. आम्ही दोघीही निवृत्त झालो. मी महिन्यातून एकदोनदा तिच्याकडं जाते. भाचीचं, गुडघ्याचं, रिपोर्ट खिडकीत आता बसवलेल्या मशीनचं बोलतो, जिथं नंबर टाकला की कागद बाहेर येतो. अक्कांची गाणी तिच्या खोलीत वाजत नाहीत. मी एकदा लावू का म्हटलं, तर म्हणाली, "नको. ऐकताना मी तपासत बसते, हे त्यांचंच ना."

तिला सांगू न शकलेली एक गोष्ट माझ्याकडंही आहे. ते मशीनचं गाणं माझ्या फोनमध्ये आहे. ते चांगलं आहे, नाही म्हणता येत नाही. घरी भांडी विसळताना कधीकधी मी ते गुणगुणते, आणि तिच्या जिन्यात पाय ठेवण्याआधी फोन बंद करून पर्समध्ये टाकते.